कोलोनोस्कोपीपूर्वी पोट साफ करण्याचे औषध: दोन लिटरची पावडर की लहान बाटली?

गोदाकाठ

नमस्कार. माझ्या वडिलांची (वय ७१) कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, दोन महिन्यांपूर्वी झाली. झाली म्हणण्यापेक्षा अर्धवट राहिली असे म्हणणे योग्य. आदल्या दिवशी संध्याकाळी पाच ते सात या वेळात त्यांनी दोन लिटर पाण्यात कालवलेली पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर कशीबशी संपवली, रात्री अकरापर्यंत आठ वेळा जाऊन आले, आणि पोट पूर्ण साफ झाले अशा समजुतीने झोपले. दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता तपासणी सुरू झाली तेव्हा मोठ्या आतड्याचा उजवा भाग पिवळ्या-हिरव्या चिकट थराने झाकलेला दिसला. अहवालावर 'तयारी अपुरी, तपासणी पुन्हा करावी' असा शेरा आहे.

आता बाबा ते खारट पाणी पुन्हा तोंडाला लावायला तयार नाहीत. शेजारच्या काकांना एक लहान बाटली दिली होती आणि त्यांचे काम उत्तम झाले, म्हणून 'मला तीच आणून दे' असा त्यांचा हट्ट आहे. बाबांना मधुमेह आणि रक्तदाब आहे, रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारे औषधही आहे, आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्तचाचणी) १.७, म्हणजे वाढलेले आहे. चव आणि प्रमाण सोडले, तर या निरनिराळ्या औषधांमध्ये खरा फरक कोणता, हे कोणी समजावून सांगेल का?

मंगळवारातला

माझ्या वेळी मी अकरा वेळा गेलो होतो आणि बाराव्या वेळी तिथेच वर्तमानपत्र मागवून घेतले होते. औषधांची तुलना मला करता येणार नाही, परंतु शौचालयाच्या दाराची कडी आदल्या दिवशीच तपासून ठेवावी, एवढा अनुभवाचा सल्ला देतो.

दुर्बीणताई

मी एंडोस्कोपी विभागात परिचारिका म्हणून अकरा वर्षे काम करते आहे. गोदाकाठ, तुम्ही औषधाबद्दल विचारले आहे, परंतु तुमच्या मजकुरातला सर्वांत महत्त्वाचा तपशील घड्याळाचा आहे. औषध संध्याकाळी सातला संपले आणि तपासणी दुपारी बाराला झाली, म्हणजे मध्ये सतरा तास गेले. माणूस उपाशी झोपला तरी लहान आतडे झोपत नाही. ते रात्रभर पित्त आणि चिकट स्राव पुढे ढकलत राहते, आणि तो सर्वांत आधी साचतो मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला, म्हणजे उजव्या बाजूला. वडिलांचा डावा भाग बहुधा बरा दिसला असेल आणि उजवा झाकलेला असेल. आमच्याकडे हे चित्र इतक्या वेळा दिसते, की रुग्णाने औषध कधी संपवले हे मी पडद्याकडे पाहून सांगू शकते.

यावर उपाय म्हणजे औषध विभागून घेणे. अर्धे आदल्या संध्याकाळी घ्यायचे, उरलेले अर्धे तपासणीच्या चार ते सहा तास आधी सुरू करायचे आणि निदान दोन तास आधी संपवायचे. बाराची वेळ असेल तर सकाळी साडेसहा-सातला दुसरा भाग घ्यायला बसावे. हे केले नाही तर कितीही महाग औषध आणले तरी उजवीकडे तोच थर दिसेल.

गोदाकाठ

ताई, अगदी बरोबर. अहवालात डावा भाग स्वच्छ असल्याचे लिहिले आहे. आम्हाला मिळालेल्या छापील कागदावर 'आदल्या दिवशी संध्याकाळी संपूर्ण द्रावण' असेच होते.

कृष्णाकाठचा वैद्य

मी पोटविकारांचा डॉक्टर आहे. येथे मी केवळ सर्वसाधारण माहिती देत आहे. वडिलांसाठी कोणते औषध, हा निर्णय त्यांचे डॉक्टरच घेतील.

दुर्बीणताईंनी वेळेचा मुद्दा मांडला आहे, तो सर्वांत मोठा आहे. त्यानंतर येतो मूत्रपिंडाचा मुद्दा, आणि 'लहान बाटली' हा शब्द इथेच धोकादायक ठरतो, कारण लहान बाटलीत दोन पूर्णपणे वेगळी औषधे असू शकतात.

आधी तुमची पावडर पाहू. पॉलिएथिलीन ग्लायकॉल, ज्याला आम्ही पीईजी म्हणतो, ते आतड्यात जवळजवळ शोषले जात नाही. त्याच्यासोबत क्षारांचे प्रमाण असे बसवलेले असते, की शरीरातले पाणी आणि क्षार ना फारसे बाहेर जातात ना आत येतात. पाइपमधून पाणी सोडून तो धुवावा तसे आतडे धुतले जाते. हे द्रावण १९८० साली अमेरिकेत डेव्हिस आणि फोर्डट्रान यांच्या गटाने मांडले. मूळ मात्रा चार लिटरची, म्हणजे २३६ ग्रॅम पीईजीची. आपल्याकडचे दोन लिटरचे पाकीट साधारण ११८ ग्रॅमचे, म्हणजे बरोबर निम्मे असते. त्याच्या विचित्र खारट चवीला बव्हंशी त्यातले सोडियम सल्फेट जबाबदार आहे. मूत्रपिंड, हृदय किंवा यकृत दुबळे असलेल्या रुग्णाला आम्ही बहुधा पीईजीच देतो, ते याच तटस्थ स्वभावामुळे.

आता बाटल्या. एक बाटली सल्फेट क्षारांची असते. हे क्षार शरीरातले पाणी आतड्यात ओढून आणतात. अमेरिकेत २०१० साली मंजूर झालेल्या या प्रकारात एका मात्रेला १७७ मिलिलिटरची बाटली ४८० मिलिलिटरपर्यंत पातळ करून प्यायची असते आणि पुढच्या तासाभरात आणखी ९६० मिलिलिटर साधे पाणी प्यायचे असते. आणि हे दोन वेळा. बेरीज केली तर पावणेतीन लिटरच्या वर जाते. बाटली लहान असली तरी पिणे लहान नाही, हे दुकानात कोणी सांगत नाही.

दुसरी बाटली असते सोडियम फॉस्फेटची, आणि ती तुमच्या वडिलांसारख्या रुग्णाने हातातही धरू नये. तिच्यातले फॉस्फेट रक्तात शोषले जाते आणि काही रुग्णांत कॅल्शियम फॉस्फेटच्या स्वरूपात मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिकांमध्ये साचते. नुकसान कायमचे होऊ शकते आणि ते लगेच लक्षातही येत नाही. वय जास्त, मूत्रपिंड आधीच दुबळे, रक्तदाबाच्या विशिष्ट गोळ्या, लघवी वाढवणारे औषध, वेदनाशामक गोळ्या, शरीरातले पाणी कमी होणे, या सर्व गोष्टी तो धोका वाढवतात. गोदाकाठ, तुम्ही लिहिलेल्या वर्णनात यांतल्या चार आहेत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २००८ मध्ये याबद्दल सर्वांत कडक श्रेणीचा इशारा दिला आणि चिठ्ठीविना मिळणारी तिकडची बाटली बाजारातून मागे घेतली गेली. आपल्याकडे हे औषध आजही मिळते. शेजारच्या काकांच्या बाटलीवर काय लिहिले होते, ते आधी पाहावे.

गोदाकाठ

डॉक्टर, आत्ताच काकांकडून रिकामा खोका मागवून पाहिला. त्यावर सोडियम फॉस्फेटच लिहिले आहे. काका पंचावन्न वर्षांचे असून त्यांना कोणतेही औषध चालू नाही, त्यामुळे त्यांचे निभावले असावे. मी उद्या औषधांच्या दुकानात जाऊन नाव सांगून बाटली आणणारच होतो.

मंगळवारातला

या एका उत्तरासाठी हा धागा वर ठेवावा, अशी संपादकांना विनंती.

लेस्टरकर

इथे इंग्लंडमध्ये माझ्या आईला (वय ७८) तिसराच प्रकार दिला होता: सोडियम पिकोसल्फेट आणि मॅग्नेशियम सायट्रेट यांच्या पुड्या. एक पुडी पेलाभर पाण्यात ढवळायची आणि प्यायची, एवढेच. ढवळताना पाणी आपोआप गरम होते, हे मला कोणी सांगितले नव्हते, त्यामुळे मी पेला टेबलावर ठेवून दोन पावले मागे सरकलो होतो. चव लिंबाच्या सरबताजवळची असल्यामुळे आईने तक्रार केली नाही.

अडचण वेगळीच आली. 'भरपूर पाणी प्या' हे वाक्य तिने मनावर घेतले आणि दिवसभर फक्त साधे पाणी पीत राहिली. रात्री तिला बोलताना शब्द सापडेनात, चालताना तोल जाऊ लागला. रुग्णालयात रक्तातले सोडियम घसरल्याचे निघाले. दोन दिवसांत ती बरी झाली, परंतु तपासणी पुढे गेली. तेव्हापासून मी सर्वांना सांगतो, की चव सोपी असली म्हणजे औषध सौम्य असते असे नाही. नंतर मला कळले, की इथल्या रुग्णसुरक्षा यंत्रणेने २००९ सालीच या सर्व औषधांबद्दल इशारा देऊन ठेवला होता आणि औषध हाती देण्यापूर्वी रुग्णाची प्रकृती तपासावी असे बजावले होते.

कृष्णाकाठचा वैद्य

लेस्टरकर, हा अनुभव लिहिल्याबद्दल आभार. पिकोसल्फेटला मोठ्या आतड्यातले जीवाणू कार्यक्षम रूप देतात आणि मग आतडे जोराने आकुंचन पावते. मॅग्नेशियम पाणी ओढते. गेलेले पाणी क्षारांसह भरून काढावे लागते. म्हणून साध्या पाण्याबरोबर क्षारसंजीवनी, गाळलेले वरणाचे पाणी किंवा मीठ घातलेले लिंबूपाणी हवे. मूत्रपिंड फार दुबळे असेल तर मॅग्नेशियम साचते, त्यामुळे तिथे हे औषध टाळतात.

परसबाग

मला एक मूलभूत शंका आहे. आमच्या आजोबांच्या काळी महिन्यातून एकदा एरंडेल घेत असत आणि कोठा आरशासारखा स्वच्छ होत असे. त्रिफळा आहे, सोनामुखी आहे. हे सर्व घरात असताना ही रासायनिक द्रावणे पिण्याची वेळ आपल्यावर का यावी? त्यात कंपन्यांचा फायदा आहे, यापलीकडे कारण मला दिसत नाही.

दुर्बीणताई

परसबाग, आजोबांचा कोठा आरशासारखा होता हे कोणी आत दुर्बीण घालून पाहिले नव्हते, एवढेच नम्रपणे सांगते. पोट हलके वाटणे आणि आतड्याच्या भिंतीवरचा पाच मिलिमीटरचा चपटा उंचवटा दिसणे, या दोन वेगळ्या पातळ्या आहेत. आम्ही आतड्याचे तीन भाग करून प्रत्येकाला ० ते ३ गुण देतो. बोस्टन मोजपट्टी म्हणतात तिला. एकूण नऊपैकी सहा आणि प्रत्येक भागाला निदान दोन मिळाले तरच तयारी पुरेशी समजतात. मागच्या वर्षी एक गृहस्थ आमचे औषध न घेता तीन दिवस त्रिफळा घेऊन आले होते. त्यांना एकूण तीन गुण मिळाले, आणि तेही डॉक्टरांनी सढळ हाताने दिले होते.

सोनामुखीला मात्र मी कमी लेखणार नाही. जुन्या बद्धकोष्ठात मुख्य औषधाच्या जोडीला तिच्या गोळ्या किंवा बिसाकोडिल हे रेचक देतात. तिने मुख्य औषधाची जागा घ्यावी, अशी अपेक्षा मात्र करू नये.

जुना पिंपळ

मला १९९१ साली मॅनिटॉल पाजले होते. शिरेतून देण्याच्या बाटलीतलेच द्रावण, त्यात लिंबू पिळून. गोड होते, पटकन संपले, काम चोख झाले. ते का बंद केले, हे कोडे मला आजही सुटलेले नाही.

कृष्णाकाठचा वैद्य

काका, कारण नाट्यमय आहे. मॅनिटॉल ही एक प्रकारची शर्करा आहे. ती आतड्यातल्या जीवाणूंना मिळाली की ते हायड्रोजन आणि मिथेन तयार करतात, आणि हे दोन्ही वायू ज्वालाग्राही आहेत. नुसते पाहायचे असेल तर एक वेळ निभावते, परंतु गाठ कापण्यासाठी विजेची तार आत गेली की ठिणगी आणि वायू एकत्र येतात. आतड्यात स्फोट होऊन रुग्ण दगावल्याची नोंद १९७९ साली वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. काही देशांत मॅनिटॉल अजूनही वापरतात, परंतु मी वापरत नाही.

जुना पिंपळ

म्हणजे मी पस्तीस वर्षे ज्याची स्तुती करत होतो तो सुतळी बॉम्ब होता तर.

न्यूजर्सीची नात

इथे माझ्या सासूबाईंना गोळ्या दिल्या होत्या. २०२० च्या अखेरीस मंजूर झालेला हा प्रकार आहे: एकूण चोवीस गोळ्या, बारा संध्याकाळी आणि बारा सकाळी. चवीचा प्रश्न उरत नाही, हे खरे. परंतु आत आहेत सल्फेट आणि पोटॅशियमचे क्षारच, गोळ्यांबरोबर पाणी जवळजवळ तेवढेच प्यावे लागते, आणि एवढ्या मोठ्या बारा गोळ्या एका बैठकीत गिळणे हे सासूबाईंच्या मते वटपौर्णिमेच्या उपवासापेक्षा कठीण होते. विमा कंपनीने पूर्ण रक्कम दिली नाही, तो विषय वेगळा. ज्यांना द्रवाचा घोट घेताच उलटी होते त्यांच्यासाठी पर्याय चांगला आहे. केवळ हौस म्हणून मागू नये.

अन्नपूर्णा

औषधांवर इतके लिहून झाले, आहारावर कोणी बोलत नाही. आमच्या यजमानांची तपासणी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी होती. 'आज उपवासच आहे, पोट आपोआप रिकामे राहील' म्हणून त्यांनी साबुदाण्याची खिचडी आणि राजगिऱ्याचा लाडू खाल्ला, आणि तहान लागली म्हणून कोकम सरबत घेतले. दुसऱ्या दिवशी आत काय काय दिसले असेल, याची कल्पना ताईंनाच येईल.

दुर्बीणताई

कल्पना कशाला, पाठ आहे. साबुदाणा जातो, त्यातले शेंगदाण्याचे कूट जात नाही. राजगिऱ्याचे दाणे भिंतीला चिकटून बसतात. कोकम सरबताचा लाल-जांभळा रंग रक्ताचा भास निर्माण करतो. बीट, डाळिंबाचा रस आणि लाल रंगाची शीतपेये यांचेही तेच. सोलकढी तर दोन्ही बाजूंनी नापास, कारण ती रंगीतही आहे आणि पारदर्शकही नाही. परंतु आमचा खरा शत्रू आहे फोडणी. मोहरी, जिरे, कढीपत्ता आणि टोमॅटोची साल दुर्बिणीच्या शोषनळीत अडकली की सर्व काम थांबवून ती नळी साफ करावी लागते. पेरूच्या आणि अंजिराच्या बिया, तीळ, खसखस हे त्याच पंगतीतले. इसबगोल आणि लोहाच्या गोळ्या काही दिवस आधीच बंद करायच्या असतात, कारण लोहामुळे आतला मळ काळा आणि चिकट होतो.

मऊ भात, मुगाच्या डाळीचे बिनफोडणीचे वरण, दही, पांढरा पाव, साल काढलेला उकडलेला बटाटा हे चालते. पूर्वी तीन-तीन दिवस पथ्य सांगत असत. अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या संयुक्त गटाने २०२५ साली दिलेल्या शिफारशींत, ज्यांना विशेष अडचण नाही त्यांच्यासाठी आदल्या एका दिवसाचे पथ्य पुरेसे मानले आहे आणि दोन लिटरची मात्राही मान्य केली आहे. ज्यांची तयारी एकदा फसली आहे, ज्यांना जुने बद्धकोष्ठ किंवा मधुमेह आहे, त्यांनी ही सवलत आपल्यासाठी आहे असे समजू नये.

परसबाग

चव सुधारण्यासाठी पीईजीच्या द्रावणात वाळ्याचे किंवा लिंबाचे साखरयुक्त सरबत मिसळले तर चालेल का? माझा विरोध मी मागे घेतलेला नाही, परंतु बहिणीची तपासणी पुढच्या आठवड्यात आहे.

कृष्णाकाठचा वैद्य

द्रावणात काहीही मिसळू नये. त्याची सर्व करामत क्षारांच्या समतोलावर आहे. साखर घातली की तिच्याबरोबर सोडियम आणि पाणी आत शोषले जाऊ लागते आणि समतोल बिघडतो. द्रावण थंडगार करावे, नळीने घोट जिभेच्या मागच्या बाजूला सोडावा आणि दोन पेल्यांच्या मध्ये लिंबाची फोड चोखावी. मळमळ झाली तर अर्धा तास थांबून पुन्हा सुरू करावे. आधी घ्यायची उलटीची गोळी डॉक्टरांकडून मागून घ्यावी.

मधुमेहींसाठी एक जोड. आतडे रिकामे होत असताना साखरेच्या गोळ्या आणि इन्सुलिन नेहमीच्या मात्रेत घेतले तर साखर घसरते. तसेच ज्यांच्या औषधाच्या नावात शेवटी 'ग्लिफ्लोझिन' येते, त्यांनी ते किती दिवस आधी थांबवायचे हे अवश्य विचारावे, कारण उपाशीपोटी त्याने रक्तात आम्ल साचू शकते आणि त्या वेळी साखर फारशी वाढलेलीही नसते. रक्त पातळ करणारे औषध मात्र स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नये.

गोदाकाठ

तीन आठवड्यांनी परत लिहितो आहे. मूत्रपिंडाच्या डॉक्टरांशीही बोललो. शेवटी औषध तेच ठरले, बाबांना नको असलेली पीईजीची पावडर, आणि तीही पहिल्या वेळी फसल्यामुळे दुप्पट: दोन लिटर आदल्या संध्याकाळी, दोन लिटर पहाटे साडेपाचपासून. लघवी वाढवणारी गोळी डॉक्टरांनी आदल्या दिवसापासून थांबवली आणि तीन दिवस बिनफोडणीचे जेवण सांगितले.

बाबांना हे सांगणे हेच खरे काम होते. मी त्यांना या धाग्यावरचा फॉस्फेटचा भाग वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत, फक्त 'बर्फ आणून ठेव' म्हणाले. दर पंधरा मिनिटांनी एक पेला, असा तक्ता त्यांनी स्वतःच कागदावर आखला आणि संपलेल्या पेल्यांवर खुणा केल्या; निवृत्तीपूर्वी ते भांडारपाल होते. तिसऱ्या लिटरला मळमळ झाली, तेव्हा डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे अर्धा तास थांबलो.

या वेळी बोस्टन गुण आठ मिळाले: डावीकडे तीन, मध्ये तीन, उजवीकडे दोन. उजव्या भागात नऊ मिलिमीटरची एक चपटी गाठ सापडली आणि ती त्याच वेळी काढली. मागच्या वेळी जिथे थर होता, तीच ही जागा. काढलेल्या गाठीच्या तपासणीचा अहवाल आला असून कर्करोग नाही, परंतु तीन वर्षांनी पुन्हा यायला सांगितले आहे.

मंगळवारातला

अभिनंदन. भांडारपालांचा तो तक्ता येथे चढवावा. माझी पुढची वेळ जवळ आली आहे.

नवीन सदस्य ४७

संपूर्ण धागा वाचला. माझी तपासणी सकाळी आठ वाजता आहे. विभागून घ्यायचे म्हणजे दुसरा भाग मध्यरात्री उठून प्यायचा का?

दुर्बीणताई

होय. तीनचा गजर लावा आणि सहाच्या आत संपवा. ते शक्य नसेल तर आजच फोन करून दुपारची वेळ मागून घ्या. दुपारच्या वेळा बहुधा रिकाम्या असतात.